शिकागोच्या दोन कुस्त्या आणि एक फॉरवर्ड

कुस्तीच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून उगवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टीव्ही येईपर्यंत अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती शंभर टक्के खरी होती. पण फ्रँक गॉच या अमेरिकन मल्लाने 1908 साली शिकागोत अंगाला तेल चोपडून ‘रशियन सिंह’ जॉर्ज हॅकेनश्मिटला फसवलं, 1911 साली पैसे चारून त्याचा गुडघा मोडवला, आणि मग हे दोघेही आपल्या गामाला घाबरून पळाले. कुस्ती शंभर टक्के खरी आणि तिचा जगज्जेता शंभर टक्के लबाड, हे एकाच मजकुरात कसं बसवलं ते लिहिणाराच जाणे.

आधी तेलाचं बघू. कुस्ती झाली 3 एप्रिल 1908 ला, शिकागोच्या प्रचंड गुरांच्या बाजाराला लागून असलेल्या डेक्स्टर पार्क पॅव्हेलियनमध्ये. हॅकेनश्मिटने तेलाची तक्रार केली होती, हे खरंच आहे. गॉचला गरम पाण्याने आंघोळ करायला लावा, असं त्याने पंच एड स्मिथला सांगितलं. पंचाचं उत्तर असं की हे कुस्ती लागायच्या आधी बघायचं होतं. गॉचने डोळ्यांत अंगठे घातले, डोक्याने धडका दिल्या, रक्त काढलं, असेही आरोप झाले, आणि गॉचचा आडदांडपणा पाहता ते खोटे म्हणायचं मला कारण दिसत नाही. पण हरण्याचं कारण वेगळं आहे. दोघे जवळजवळ दोन तास नुसती खडाखडी करत उभे होते. गॉच सगळा वेळ त्याच्या मानेवर भार टाकून त्याला दमवत होता. हॅकेनश्मिट मात्र अमेरिकन कुस्तीला कमी लेखून, पुरेशी मेहनत न करता उतरला होता. दोन तासांनंतर गॉचने दोरांपासून ओढून त्याला खाली आणलं, मागून कब्जा घेतला आणि आपल्या प्रसिद्ध पायाच्या पकडीसाठी, म्हणजे टो होल्डसाठी, झटू लागला. हॅकेनश्मिट त्या पकडीतून वाचला, पण तेवढ्यात उरलीसुरली ताकद संपली आणि त्याने पहिल्या फेरीत हार मानली. दुसऱ्या फेरीसाठी तो बाहेर आलाच नाही. तेलाने पकडीतून निसटता येतं, समोरच्याचा दम तेलाने संपत नाही. शिवाय कुस्ती संपल्यावर लगेच त्याने गॉचची तोंड भरून स्तुती केली होती. तेलाचा मुद्दा मोठा झाला तो नंतर.

आता गुडघा. दुसरी कुस्ती 4 सप्टेंबर 1911 ला, तेव्हा नव्याच असलेल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर. सुमारे तीस हजार लोक, 87,000 डॉलरचा गल्ला. गॉच सरळ दोन फेऱ्यांत जिंकला: पहिली चौदा मिनिटांच्या वर, दुसरी साडेपाच मिनिटांत. हॅकेनश्मिटचा गुडघा सरावात दुखावला होता, यात वाद नाही. गॉचच्या माणसांनी अ‍ॅड सँटेल या मल्लाला 5,000 डॉलर देऊन तो मोडवला, ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत आली लू थेझ या नंतरच्या पिढीतल्या मल्लामुळे. त्याने ती सँटेलकडून ऐकली, आणि थेझचा जन्मच 1916 चा. म्हणजे फार नंतरची ऐकीव गोष्ट. ज्याचा गुडघा होता तो काय म्हणतो? हॅकेनश्मिटच्या स्वतःच्या सांगण्यानुसार सरावातला जोडीदार डॉ. बेंजामिन रोलरचा पाय चुकून त्याच्या उजव्या गुडघ्यावर आदळला. ज्याला तक्रार करायचं सगळ्यात जास्त कारण होतं, तोच अपघात म्हणत असेल तर मी त्याचं ऐकेन. खरा घोटाळा मला वेगळाच वाटतो. कुस्ती लागायच्या आधी सगळ्या पैजा रद्द झाल्याचं मैदानात जाहीर झालं. आतल्या लोकांना कुणकुण होती, आणि तरीही तिकिटं विकलेली कुस्ती लावली गेली.

हाच रोलर 8 ऑगस्ट 1910 ला लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये गामाकडून दोनदा चितपट झाला होता. गामाने लंडनमधून बड्या मल्लांना आव्हानं दिली, त्यांत गॉचचंही नाव होतं. पण आव्हान म्हणजे ठरलेली कुस्ती नव्हे. गॉच अमेरिकेत होता, गामा अमेरिकेत लढायला कधी गेलाच नाही, आणि दोघांची कुस्ती कधी ठरली नाही. पळाला असं ज्याच्याबद्दल म्हणता येईल तो पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झ्बिश्को. 10 सप्टेंबरला तो अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक गादीला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली, आणि 17 तारखेच्या फेरलढतीला तो आलाच नाही. त्याच वर्षी 1 जूनला शिकागोच्या कोलिसियममध्ये गॉचने याच झ्बिश्कोची पाठ पहिल्या फेरीत सात सेकंदांच्या आत टेकवली होती. तीही झ्बिश्को हस्तांदोलनाला हात पुढे करत असताना झडप घालून! गॉचवर टीका करायचीच तर इथे करा.

राहिला ‘टीव्हीने नासवलं’ हा मुद्दा. अमेरिकेत टीव्ही घरोघर पोचला 1950 च्या आसपास. त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1910 साली, आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्सच्या न्यायालयात जॉन मॅब्रेच्या टोळीला शिक्षा झाली. ठरवून लावलेल्या घोड्यांच्या शर्यती, बॉक्सिंग आणि कुस्त्या दाखवून पैसेवाल्यांना पैजेत लुबाडायचं, हा त्यांचा धंदा. खुद्द गॉच 1901 साली क्लोंडाइकच्या सोन्याच्या खाणींकडे ‘फ्रँक केनेडी’ या खोट्या नावाने लढत होता, तेही पैजांसाठीच. म्हणून सगळंच नाटक होतं, असंही नाही. दोन तासांची खडाखडी कोणी ठरवून लावत नाही, प्रेक्षक कंटाळून उठून जातील. 1920 च्या दशकात मल्ल एड लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि त्यांचा जोडीदार टूट्स माँट यांनी नेमकं तेच हेरलं, आणि कुस्ती चटकदार करून निकाल आधी ठरवायला लागले. त्यातही सगळं त्यांच्या हातात राहिलं नाही. एप्रिल 1925 मध्ये फिलाडेल्फियात वेन मन या त्यांच्या बनवलेल्या जगज्जेत्याने जिंकायचं ठरलं होतं. समोर होता झ्बिश्को. त्याने ठरलेलं बाजूला ठेवून मनला खरोखर पाडलं, पट्टा घेतला, आणि मेच्या अखेरीस तो पट्टा विरोधी गटाच्या ‘जो स्टेचर’ या मल्लाकडे गेला.