शेडचा आवाज, भिंतीजवळची फट आणि अडकणारं गेट: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि सकाळपर्यंत तोच डोक्यात होता. तुमच्या तक्रारी चार. पत्र्याला भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडलीत, पत्रा चिऱ्याच्या भिंतीपासून बोटभर लांब सोडलाय, दिवस मावळला की शेड टक टक वाजते आणि आई घाबरतात, आणि दुपारी गेटची कडी लागत नाही. यातली गेटची चूक शंभर टक्के माझी आहे, त्याबद्दल खाली लिहितो. पण पुढे तुम्ही लिहिलंय की "विचारलं तर म्हणे उन्हाने लोखंडाचे अणू फुगतात, लोखंड काय भाकरी आहे का फुगायला, घन वस्तूत अणू चिकटून असतात, जागा येणार कुठून". दादा, प्रश्न एकदम बरोबर आहे. आमच्या पोराने तुम्हाला दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

अणू फुगत नाहीत. उन्हात ठेवा नाहीतर भट्टीत घाला, लोखंडाचा अणू आहे तेवढाच राहतो. वाढतं ते दोन अणूंमधलं अंतर. आणि घन वस्तूतले अणू गप्प बसलेले नसतात हो, आपापल्या जागेवर सतत थरथरत असतात, सेकंदाला काही लाख कोटी वेळा. तापमान वाढलं म्हणजे ही थरथर जोरात झाली, बस, उष्णता म्हणजे तीच.

आता शाळेत एवढंच सांगून सोडून देतात की जास्त हलले म्हणून जास्त जागा लागली. मला ते कधी पटलं नाही. झोपाळा जोरात हलवला तरी त्याची मधली जागा बदलत नाही ना, जेवढा पुढे तेवढाच मागे. मग अणू जोरात हलले तर मधलं अंतर का वाढावं?

देवगडच्या बंदरावर जाऊन धक्क्याला बांधलेली होडी बघा. एका बाजूला दगडी धक्का, दुसऱ्या बाजूला दोरी. लाट शांत असली की होडी धक्क्याला जवळजवळ लागून असते. लाट वाढली की काय होतं? धक्क्याकडे गेली की ठाण्णकन आपटून तिथूनच परत, त्या बाजूला इंचभरही जागा मिळत नाही. पण समुद्राकडे गेली की दोरी हळूहळू ताणत जाते, दोरी नरम असते, होडी बरीच लांब जाऊन मग परत येते. दिवसभर बसून सरासरी काढलीत तर खवळलेल्या दिवशी होडी धक्क्यापासून जास्त लांब दिसेल. होडी मोठी झाली नाही, दोरीही नवी नाही, फक्त एका बाजूला कडक अडवणूक आणि दुसऱ्या बाजूला ढील.

दोन अणूंचं तसंच आहे. फार जवळ आले तर त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जबरदस्त ढकलतात, तो झाला धक्का. लांब गेले तर ओढ असते, पण ती ओढ जवळच्या रेट्याएवढी कडक नसते, ती झाली दोरी. म्हणून थरथर वाढली की सरासरी अंतर लांबच्या बाजूला सरकतं. दोन्ही बाजूंना जोर सारखाच असता तर अणू कितीही नाचले तरी लोखंड तापून केसभरसुद्धा वाढलं नसतं. मला ही गोष्ट समजली त्या दिवशी खूप आनंद झाला होता, अजून कोणी विचारलं की हातातलं काम ठेवून सांगतो.

आता तुमच्या शेडचा हिशोब. लोखंड एका डिग्रीला आपल्या लांबीच्या दहा लाखात साधारण 12 भाग वाढतं. तुमचा पत्रा 30 फुटी, म्हणजे 9 मीटरच्या वर. पहाटे तो 22 डिग्रीला असतो आणि एप्रिलच्या दुपारी, हवा 33 असली तरी, उन्हातला पत्रा 60 च्या पुढे जातो, हात ठेवून बघा, ठेवता येत नाही. 40 डिग्रीचा फरक धरला तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढ. ऐकायला काहीच वाटत नाही. अणूंच्या भाषेत दोन हजार अणूंच्या रांगेत एका अणूएवढी जागा वाढली. पण एका रांगेत 9 मीटरला 3600 कोटी अणू बसतात, म्हणून ते डोळ्याला दिसण्याएवढं होतं.

पत्रा वरच्या टोकाला घट्ट आवळलाय आणि खाली भोकं मोठी ठेवलीत ती त्याला सरकायला. वर रबराचा वॉशर आहे, पाणी येणार नाही, जुलैमध्ये एक थेंब आला का सांगा. भिंतीजवळची फटही त्यासाठीच, वरून पट्टी मारलेली आहे. धंद्याच्या सुरुवातीला मी एका घराला पत्रा चिऱ्याला भिडवून सिमेंटने पॅक करून दिला होता, दिसायला एकदम फिनिशिंग. पुढच्या मे महिन्यात बघितलं तर गिलाव्याला भेग आणि स्क्रूची गोल भोकं लांबट झालेली, कडा घासून चांदीसारख्या चकचकीत. पत्र्याने स्वतःची जागा स्वतः करून घेतली. ते सगळं मी पदरचे पैसे घालून बदललं आणि तेव्हापासून फट सोडल्याशिवाय एकही काम दिलेलं नाही.

रेल्वेच्या रुळांना आता गॅप नसतो असंही तुम्ही लिहिलंय. खरंय, लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात. पण ते रूळ जड काँक्रीटच्या स्लीपरला आवळून खडीत बसवलेले असतात, त्यांना वाढूच देत नाहीत, तो सगळा ताण रुळाच्या पोटात राहतो. तुमच्या शेडला तेवढं वजन कुठून आणू?

माझे आजोबा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची, मग शेण्या आणि नारळाची सोडणं पेटवून लाल करायची, घेरात इंचभर वाढायची. चिमट्याने उचलून लाकडी चाकावर टाकली की वरून पाण्याच्या कळश्या. चर्र आवाज, वाफ, आणि थंड होताना धाव लाकडाला अशी आवळून बसायची की खिळा नको. तेच अणू परत जवळ येतात, दादा, आणि जवळ येताना काय ताकद लावतात ते मी लहानपणी डोळ्याने बघितलंय, लाकडाचे सांधे करकर वाजायचे.

संध्याकाळचा आवाज त्याचाच लहान भाऊ. ऊन गेलं की पत्रा लगेच निवतो, खालचे पाइप सावकाश. पत्रा आखडायला बघतो, स्क्रूजवळ अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो, टक. आईंना सांगा घाबरू नका, पत्रा घरी परत येतोय. पण आवाज कमी करता येतो हे मान्य, पाइप आणि पत्र्याच्या मध्ये रबराची पट्टी घालायला हवी होती, ती मी तुम्हाला सुचवलीच नाही. पट्टीचे पैसे घेईन, मजुरी नाही.

आणि गेट. ते आम्ही ऑगस्टमध्ये पावसात बसवलं, लोखंड गार होतं, तेव्हा कडीला मिलिमीटरभर जागा सोडली आणि ती पुरेशी वाटली. 12 फुटी गेट उन्हात 30 डिग्री जास्त तापलं की सव्वा मिलिमीटरच्या वर वाढतं, मग कडी अडकणारच. हे मला कळायला हवं होतं, माफ करा, दुरुस्ती फुकट.

रविवारी येतो, पण सकाळी नको, दुपारी अडीचला. गेट पूर्ण तापलेलं असतानाच माप घ्यायचं आहे. तुम्ही मुंबईला असाल तर गेटची किल्ली आईंकडे ठेवा, शिडी मी आणतो.