दोघांचंही ऐकायचं म्हणजे कसं?

प्रार्थनेवरचा एक लेख नुकताच वाचला. लेखकाचं म्हणणं असं की देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतोच, फक्त कधीकधी ते उत्तर 'नाही' असतं. मग प्रश्नच मिटला की! नाणं कसंही पडलं तरी जीत देवाचीच.

४ मार्च १८६५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात एकमेकांविरुद्ध केलेल्या प्रार्थनांचा पेच मांडला होता. यादवी युद्धात लढणाऱ्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला साकडं घालतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. दोघांच्याही प्रार्थना फळणं शक्य नव्हतं, आणि पुरती तर कोणाचीच फळली नाही. ते युद्ध तेव्हा संपत आलं होतं. जिंकत आलेल्या राजकारण्याने 'देव आमच्याच बाजूचा' म्हणायचं टाळावं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण युद्ध हे सोपं उदाहरण झालं. माझ्या भावाचं नाव यकृताच्या प्रतीक्षायादीत होतं, तेव्हा आई रोज रात्री हात जोडायची, 'लवकर मिळू दे'. एकदा तिच्या लक्षात आलं की हे फळायचं तर कुठल्यातरी आयसीयूबाहेर कोणाचं तरी 'वाचव रे' वाया जायला हवं. त्या रात्री ती नुसतीच बसून राहिली. जपमाळ हातात, ओठ बंद. दुसऱ्या दिवसापासून 'त्याला सोसायचं बळ दे' एवढंच. असं मागणं कोणाच्या आड येत नाही, म्हणून मला ते पटतं.

यकृत पुढे मिळालं. कोणाचं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.