‘दिवसाला तीसच बॉल’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि चिरंजीवांना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पावसात बुडालेली सेशन भरून देऊ, तसं ऑफिसात सांगून ठेवलंय.

पण “फी पूर्ण घेतात आणि दिवसाला तीसच बॉल टाकायला देतात, बाकी वेळ पोरांना चालत बॉलिंग करायला लावतात” हे तुमचं वाक्य फार लागलं. आमचं घर या क्रिकेटच्या नेट्सवर (जाळीतल्या सरावावर) चालतं. दादर-माहीमचे पालक अ‍ॅडमिशन घेण्याआधी इथलंच वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तीस बॉल म्हणजे 5 ओव्हर. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने तेरा वर्षांखालच्या फास्ट बॉलरला मॅचमध्येसुद्धा एका स्पेलला (म्हणजे सलग) 5 आणि अख्ख्या दिवसाला 10 ओव्हरचीच मुभा दिली आहे. त्या वयात कमरेच्या मणक्याचं हाड पुरतं भरलेलं नसतं. रोज शंभर-शंभर बॉल टाकले की त्याला बारीक तडा जाऊ शकतो. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. मग पोराला कित्येक महिने घरी बसावं लागतं. तीसच्या पुढे टाकायला देऊन तुम्हाला खूश करणं आम्हाला सोपं होतं.

तुमच्या मुलाला तर जास्तच जपावं लागतं. मागचा पाय टेकतो तेव्हा त्याची कंबर बॅट्समनकडे उघडलेली आणि खांदे मात्र साइड-ऑन, म्हणजे बाजूला वळलेले असतात. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात, आणि सगळा पीळ पाठीवर पडतो. म्हणून त्याला चालत टाकायला लावलं. मॅटवर खडूने स्टंपपर्यंत सरळ रेघ मारली होती, ती तुम्हीही पाहिलीत. पुढचा पाय रेघ ओलांडून पडायचा, अंग आडवं जायचं आणि बॉल लेगला, म्हणजे बॅट्समनच्या पायांच्या बाजूला. चालत टाकताना पाय रेघेवर यायला लागला, गुडघाही ताठ राहायला लागला. पुढचा गुडघा ताठ राहिला तरच रनअपचा जोर वर खांद्यात आणि तिथून बॉलमध्ये जातो. तो वाकला की जोर तिथेच जिरतो. तुम्हाला हवा असलेला स्पीड याच्यातूनच येणार आहे, साहेब.

आता राग मानू नका. नेटच्या मागे मोबाईल धरून तुम्ही “जोरात टाक, अजून जोरात” म्हणत होतात. मुलगा टप्प्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायचा आणि पाय परत रेघेच्या पलीकडे. दोनदा विनंती केली होती. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं.

“फास्ट बॉलरला स्पिन टाकायला लावली” असंही लिहिलंय. ती इथे सगळेच टाकतात. ऑफब्रेक आणि लेगब्रेक हे स्पिनचे दोन प्रकार. ऑफब्रेकला पहिल्या बोटाने सीम (बॉलची शिवण) ओढावी लागते, लेगब्रेकला तिसऱ्या. बॉल हातातून सुटताना बोटं काय करतात ते मुलाला त्यातूनच कळतं, आणि पुढे सीम सरळ ठेवायला तेच उपयोगी पडतं. पाठीवर ताणही कमी. शिवाय याच मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी 589 फर्स्ट क्लास विकेट काढल्या त्या डावखुऱ्या स्पिनवर. स्पिन म्हणजे शिक्षा, असं मुलाच्या मनात कृपया भरवू नका.

जाईल्स शिल्ड या शालेय स्पर्धेसाठीच्या शाळेच्या टीमची तुम्हाला घाई आहे, ते समजतं. जाईल्स हुकली तरी पुढे मोठ्या मुलांची हॅरिस शिल्ड आहे, क्लबांची कांगा लीग आहे. पाठ गेली तर त्यातलं काहीच नाही.

पालकांशी बोलायला वेगळा वेळ ठेवायचा विचार चालू आहे, आणि ओव्हरच्या मर्यादेचा बोर्डही नेट्सजवळ लावू.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त तीस बॉलच्या वाक्यापुढे त्याचं कारणही लिहा, एवढी विनंती. मुलाची जागा मंगळवारच्या बॅचमध्ये तशीच ठेवली आहे. मेहनती पोरगा आहे. आला की आधी रनअपचं माप नीट घेऊ, स्पाइक्सही घेऊन या.

आपला,
मुख्य प्रशिक्षक