नऊशे तीस ग्रॅमचा प्रश्न

लांबचे पक्षी टिपायला सिग्मा कंपनीच्या, डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीच्या १५०-६०० एमएमच्या दोन लेन्स आहेत. पल्ला तोच, अपर्चर (उजेड आत घेणारं भोक) तेच, एफ ५ ते ६.३. जुळ्यांसारख्या, नावं तेवढी वेगळी. कंटेम्पररी (सी) १.९३ किलोची, स्पोर्ट्‌स (एस) २.८६ किलोची आणि जवळजवळ दुप्पट किमतीची. एरवी ओझं उचलणाऱ्याला हमाली मिळते. इथे हमालानेच पदरचे पैसे घालायचे.

महिनाभर माझं काही ठरेना. एक मित्र म्हणाला, "सी घे, हातात धरता येते." दुसरा म्हणाला, "एकदाच काय ती एस घेऊन टाक." हा दुसरा अजून कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सवरच आहे, हे मागाहून कळलं.

मग सरावासाठी पिशवीत कांदे भरले. दोन किलो मिनिटभर डोळ्यांसमोर धरता आले. तीन किलोंना मात्र गॅलरीतली तुळस थरथरायला लागली. बायको दारात उभी होती.

"किलोला सत्तर ग्रॅम कमी. एवढ्यावरच अडलंय ना?"

"तसं नाही गं, स्पोर्ट्‌सला धुळीपावसाचं सील आहे..."

"पाऊस आला की तू आधी घरात पळतोस. आणि ते कांदे भाजीला हवेत."

शेवटी दोन्ही भाड्याने आणल्या आणि थंडीत पहाटेच उजनी धरणाकाठचं भिगवण गाठलं. होडीत बसलो, समोर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा. एस उचलली. लहान सेन्सरच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ६०० म्हणजे ९००चा पल्ला. हात जरा हलला की पक्षी तालुका बदलतो. फोटोत नुसती गुलाबी रेघ आली. सी घेतली, हात ठरला, पण त्या अंधुक उजेडात ६.३ला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४००वर गेला, फोटोत दाणे उठले आणि रोहित रव्याच्या लाडवासारखा दिसू लागला. (एसनेही हेच केलं असतं, पण तिला दोष द्यायला माझ्या दंडात जोर उरला नव्हता.)

इतक्यात नावाड्याने शेव उधळली आणि एक कुरव थेट होडीच्या टोकावर येऊन बसला. जेमतेम दोन मीटरवर. लाल चोच, डोळ्यामागचा काळा ठिपका, सगळं स्वच्छ. मी बटण दाबतोय आणि लेन्स नुसती पुढेमागे चाचपडतेय. सीला फोकससाठी २.८ मीटर अंतर लागतं. घाईघाईने एस लावली. तिला २.६.

कुरव मान वाकडी करून माझी लगबग बघत बसला.

"सर, काढा की! एवढा जवळ कधी बसतोय का?"

"अहो, फार जवळ आहे तो!"

नावाडी विचारात पडला. "मग तुम्ही जरा मागं सरका."

माझ्या मागे नावाडी होता, आणि नावाड्याच्या मागे उजनी.