पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका

परवा पुण्याहून एका मित्राचा मेसेज आला. रविवारी घरी इटालियन करायचं ठरलंय, सामानाची यादी बघून दे. यादीत व्हाइट सॉसचं पाकीट, क्रीम, दोन प्रकारचं चीज, मशरूम, तीन रंगांची ढोबळी मिरची, स्वीट कॉर्न, ओरेगानो, चिली फ्लेक्स, पास्ता सॉसची बाटली, असे सोळा जिन्नस होते. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहावं.

मी नऊ वर्षं रोममध्ये राहतोय. पहिली दोन वर्षं एकटाच होतो. कामावरून यायला साडेआठ-नऊ व्हायचे, रोज बाहेर खाणं परवडणारं नव्हतं, आणि आमटीभाताचं सगळं सामान आणायचं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळेल त्यावर भागवायचं असं ठरवलं आणि तिथून ही गोडी लागली. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. मी त्यांना नुसतं सिन्योरा म्हणतो. माझ्या घरातून रोज करपलेल्या लसणाचा वास येतो म्हणून त्या एक दिवस वर आल्या, आणि गॅस बंद करून त्यांनी मला पहिला धडा दिला.

तेल गार, लसूणही गार. दोन्ही एकदमच कढईत, आणि खाली आच अगदी मंद.

ज्याचा हात फोडणीवर बसलाय त्याला हे जड जातं. आपल्याकडे तेल कडकडीत तापलं पाहिजे, मोहरी तडतडली पाहिजे, लसूण लालबुंद झाला पाहिजे, तरच वरणाला वास. इथे उलटं. लसणाचे पातळ काप थंड तेलात पडून असतात, मिनिटभर काहीच होत नाही. मग कडेला बारीक बुडबुडे येतात, काप तेलात हळूच हलायला लागतात, त्यांच्या कडा पिवळसर होतात. त्या क्षणी सुकी मिरची मोडून टाकायची आणि लगेच पळीभर पास्त्याचं उकळतं पाणी. चर्र आवाज होतो, लसूण पुढे जायचा थांबतो. आणखी अर्धा मिनिट उशीर झाला असता तर तो कडू झाला असता. या अर्ध्या मिनिटासाठी मी आजही दुसरं काही करत नाही. फोन बाजूला, नजर कढईत. दिवसभराच्या कामानंतर एका लसणाच्या कापाकडे इतकं मन लावून बघणं, ही माझ्या दिवसातली सगळ्यात शांत वेळ असते.

पदार्थाचं नाव आल्यो ए ओल्यो, म्हणजे फक्त लसूण आणि तेल. माणशी १०० ग्रॅम स्पॅगेटी, लसणाच्या दोन पाकळ्या, तीन चमचे चांगलं ऑलिव्ह तेल, एक सुकी मिरची, वरून चिरलेली पार्स्ली. चीज नाही. इथे मध्यरात्री मित्र जमले आणि भूक लागली की हेच होतं, कारण हे सामान प्रत्येक घरात असतंच. पार्स्ली मिळाली नाही तर काहीच घालू नका. कोथिंबीर घातली तरी छान लागेल, पण तो वेगळा पदार्थ.

आता पाण्याबद्दल. इथे घरोघरी एक हिशेब पाठ असतो : १००० मिली पाणी, १०० ग्रॅम पास्ता, १० ग्रॅम मीठ. पास्ता शिजताना त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो आणि पाणी गढूळ होतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता कढईत काढायचा आणि उरलेला तिथे, याच पाण्याच्या एक-दोन पळ्या घालत, हलवत शिजवायचा. तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत, पण स्टार्च मधे पडला की दोघांचं जमतं. क्रीमचा थेंब नसताना साईसारखा रस तयार होतो आणि प्रत्येक शेवेला धरून बसतो.

पाच वर्षांपूर्वी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. मी बेसिनमध्ये चाळण ठेवून पातेलं तिरकं करत होतो, तेवढ्यात तिने मागून हात धरला. "अरे, कट ओतून देतोस होय? आमटी कशाची करणार मग?" तिला स्टार्च आणि तेलाचं काही सांगावं लागलं नाही. पुरणासाठी डाळ शिजवली की वरचं पाणी बाजूला काढून ठेवायचं, हे तिच्या हाताला चाळीस वर्षं माहीत होतं. भाताची पेज, डाळीचा कट, पनीरचं पाणी, यातलं काहीच आमच्या घरी वाया गेलं नाही. मी सिन्योरांकडून जे महिनाभर शिकलो ते आईला पातेल्यात बघताक्षणी कळलं. त्या दिवसापासून मी स्पॅगेटी चाळणीत ओतत नाही, चिमट्याने उचलून कढईत घेतो आणि पातेलं शेवटपर्यंत जवळ ठेवतो.

या पाण्याची खरी परीक्षा काचो ए पेपेत होते. तीनच जिन्नस : पास्ता, मिरपूड आणि पेकोरिनो रोमानो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज. माझ्याकडून हे पहिल्या पाच-सहा वेळा बिघडलं. चिजाच्या गुठळ्या व्हायच्या, खाली पाणी वेगळं, वर रबरासारखे गोळे. मन खट्टू व्हायचं, कारण ते चीज स्वस्त नसतं. कारण नंतर समजलं. साधारण ६५ अंशांच्या वर गेलं की चिजातली प्रथिनं एकमेकांना चिकटायला लागतात, आणि पुरेसा स्टार्च असेल तरच तो त्यांना लांब ठेवतो. काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर रीतसर प्रयोग केले : स्टार्च चिजाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के हवा, १ टक्क्याच्या खाली गेला की गुठळ्या. त्यांना २०२५ चं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. मी एवढंच करतो की पास्ता कमी पाण्यात शिजवतो म्हणजे पाणी दाट होतं, गॅस बंद करून मिनिटभर थांबतो, आणि बारीक किसलेलं चीज थोड्या कोमट पाण्यात आधी कालवून मग घालतो. आता बिघडत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पाकिटावर ती सहज दिसत नाही. पेकोरिनो रोमानो आणि पार्मिज्यानो ही दोन्ही चिजं जनावराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ती घेऊ नयेत आणि मनाला लावूनही घेऊ नये. रोजच्या इटालियन स्वयंपाकातले माझे सगळ्यात आवडते पदार्थ चिजाशिवायचेच आहेत.

त्यात पहिला नंबर पास्ता ए चेचीचा. चेची म्हणजे काबुली चणे. रात्री भिजत घालायचे, सकाळी मऊ शिजवायचे. तेलात लसूण आणि रोजमेरीची काडी, एखादा टोमॅटो, मग चणे त्यांच्या पाण्यासकट. निम्मे चणे पळीच्या पाठीने ठेचायचे, की दाटपणा येतो. त्यातच छोट्या नळ्यांचा पास्ता टाकायचा आणि तिथेच शिजवायचा. वाटीत वाढल्यावर वरून कच्च्या तेलाची धार. आता सांगा, ह्या चकोल्या नाहीत तर काय आहेत? आमटीत कणकेचे तुकडे सोडून शिजवतो, कोणी वरणफळं म्हणतं, तेच हे. दक्षिणेकडे बाझिलिकाता भागात तर पास्ताही चपटा, पोळी लाटून कापल्यासारखा घेतात आणि त्याला लागाने म्हणतात. त्याच भागात जन्मलेला रोमन कवी होरेस दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय की मी संध्याकाळी घरी परततो ते लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), चणे आणि लागानुमच्या वाडग्याकडे. मी हा पदार्थ शुक्रवारी करतो. कामावरून येताना त्या ओळीची आठवण होते आणि पाय आपोआप भराभर पडतात.

सामान ओळखीचं निघण्याचा आनंद आईने मला दाखवला. तेस्ताच्योच्या बाजारात एका पोत्यात फारो नावाचं धान्य होतं. आईने चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाली, "ही तर आपली खपली." खरोखरच ती खपलीच आहे, एकाच जातीचा गहू. पास्त्याचा रवाही आपल्या बन्सीच्या जातकुळीतल्या कडक गव्हाचा, आणि सुका पास्ता याच गव्हाचा असावा असा इटलीत १९६७ पासून कायदाच आहे. म्हणून तो शिजून गिळगिळीत होत नाही. तिकडे पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गहू लिहिलंय का तेवढं बघा, बाकी महागड्या नावांच्या मागे लागू नका.

टोमॅटोचं मात्र मी कोणाचं ऐकत नाही. हिवाळ्यात इथलं कुठलंही शहाणं घर ताजा टोमॅटो सॉसला घेत नाही, डब्यातला किंवा बाटलीतला घेतं. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडची कुटुंबं अंगणात जमून वर्षाचे टोमॅटो करून ठेवतात. एका वर्षी सिन्योरांच्या भाच्याने मला सालेर्नोजवळच्या त्याच्या घरी नेलं. पहाटे पाचला सुरुवात. टोमॅटो धुवायचे, वाफवायचे, हाताने फिरवायच्या यंत्रातून गाळायचे, प्रत्येक बाटलीत बेसिलचं एक पान घालून रस भरायचा, आणि मग बाटल्या गोधडीच्या चिंध्यांत गुंडाळून मोठ्या पिंपात उकळायच्या. लहान पोरांना चिंध्या गुंडाळायचं काम, म्हाताऱ्यांना देखरेखीचं. मला उन्हाळ्यातला आमच्या गच्चीवरचा वाळवणाचा दिवस आठवला. कुरडयांचा चीक, राखण करणारी आम्ही पोरं, शेजारपाजारच्या काकूंचा गलका. दुपारपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. निघताना मला सहा बाटल्या मिळाल्या. त्या मी मार्चपर्यंत पुरवून पुरवून वापरल्या.

सिन्योरांच्या जुन्या वहीत मिठापुढे, तेलापुढे दोनच अक्षरं असतात. इथल्या सगळ्याच पाककृतींत असतात : क्यू. बी., क्वांतो बास्ता. जेवढं पुरे तेवढं. आई ज्याला "अंदाजाने घाल रे" म्हणते तेच. तो अंदाज यायला मला दीड-दोन वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे घर आपलं आहे.

तर मित्रा, तुझ्या यादीतले चौदा जिन्नस खोडले आहेत. स्पॅगेटी आणि चिली फ्लेक्स राहू दे, सुक्या मिरच्या मिळाल्या तर चिली फ्लेक्सही नकोत. त्यात लसूण आणि ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली वाढव. चौघांसाठी ४०० ग्रॅम, सगळ्यात मोठं पातेलं. पाहुण्यांना आधी ताटावर बसव, मगच पास्ता पाण्यात टाक, कारण हा पदार्थ कोणासाठी थांबत नाही. सोबत साधा पाव ठेव. वाडग्याच्या तळाशी जो रस उरेल तो पावाने पुसून खायचा. त्याला इथे स्कार्पेत्ता म्हणतात आणि त्यात कोणी लाजत नाही.

आणि पातेलं तिरकं करायच्या आधी त्यातलं वाटीभर पाणी काढलंस का ते बघ. रविवारी तुमच्या साडेआठला मी फोन करतो.