लोककला महोत्सव भरवताना घ्यावयाची काळजी

महाराष्ट्राची संस्कृती वाचवण्याचं काम तुमच्याकडे आलं असेल, म्हणजे तुम्ही मंडळाचे अध्यक्ष असाल किंवा अध्यक्षांचे मेहुणे असाल, तर अजिबात घाबरू नका. लोककला महोत्सव भरवायला लोककलेतलं काही कळावं लागत नाही. कळत असेल तर उलट जड जातं, मध्येमध्ये शरम वाटत राहते. परवाच आमच्या शहरात असा एक महोत्सव पार पडला. पहिल्या सत्कारापासून शेवटच्या सत्कारापर्यंत मी खुर्ची सोडली नाही, त्यामुळे पद्धत आता पाठ झालीय.

सुरुवात फ्लेक्सपासून. वर मार्गदर्शक, मध्ये अध्यक्ष, खाली शुभेच्छुक आणि त्यांची मुलं. उरलेल्या जागेत नथ घातलेली, फेटा बांधलेली एक हसरी मुलगी टाका, ती इंटरनेटवर मिळते. कलावंतांची नावं छापायच्या फंदात पडू नका. ‘व इतर लोककला’ एवढ्यात सगळे मावतात.

वेळ सहाची छापा, पाहुण्यांना आठची सांगा. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. सत्कार कुणाकुणाचे करायचे याची काळजी नको, स्टेजवर जो चढेल त्याचा करावा. परवा मंडपवाल्याचाही झाला, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी काम केलेला तोच एक सत्कारमूर्ती होता. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. आयोजकाने तो साडेनऊपर्यंत विसरायचा आणि कलावंत विंगेत येऊन उभे राहिले की नेमका आठवायचा.

हलगीवाले कातडं ताणून घ्यायला, हलगी शेकायला जाळ मागतील. फायबरची आणा म्हणावं.

देवीचा गोंधळ मात्र ठेवायचाच, त्याशिवाय पारंपरिक वाटत नाही. फक्त त्याला सात मिनिटं द्या. गोंधळी आधी चौक मांडतो. पाट, पाटावर नवं कापड, त्यावर तांदूळ, कलश, खण, नारळ. मग दिवटी, म्हणजे देवीची मशाल, पेटते. संबळाचा पहिला ठोका पडला की एकेका देवाला गावासकट हाक जाते, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा. सगळे आले की मग आख्यान, आणि शेवटी आरती. घरी गोंधळ घातला तर रात्र सरते. आता हे सात मिनिटांत कसं बसवायचं? चौक मांडू द्यायचा नाही, भाड्याच्या कार्पेटवर तांदूळ सांडतात. दिवटी पेटवू द्यायची नाही, आग लागेल. परवा साठी उलटलेल्या एका गोंधळ्याच्या हातात दिवटीच्या बदल्यात बॅटरीवरची प्लास्टिकची मेणबत्ती दिली. हो, मेणबत्ती. ज्योत लुकलुकायची सोय होती तिच्यात. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, काही न बोलता झग्याच्या खिशात टाकली आणि न पेटवलेली दिवटीच धरून ते उभे राहिले. गळ्यात कवड्यांची माळ, समोर चौक नाही, शेजारी अत्तर कंपनीचा स्टँडी. माहूरपर्यंत पोचले असतील नसतील, तोच खालून गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका पोराने बोटांची कात्री करून दाखवली. निवेदिका धावत आली. ‘वा काका, काय एनर्जी! जोरदार टाळ्या काकांसाठी!’ खंडोबाला हाक मारायचीच राहिली. भवानी सोलापूरच्या आसपास कुठेतरी असेल तेव्हा.

आणि आग म्हणता? त्याच कार्पेटवर, त्याच माईकशेजारी, पाच वाती लावलेली समई संध्याकाळपासून जळत होती. प्रमुख पाहुणे पायऱ्या चढले तेव्हा दोन्ही बाजूंनी कोल्ड पायरोचे फवारे उडवलेत ना? तेव्हा नाही लागली आग? पाहुण्याच्या स्वागताला ठिणग्या चालतात आणि देवीची दिवटी चालत नाही? अहो, ती दिवटी म्हणजे नाटकातलं सामान नव्हे, ती आहे म्हणून तो गोंधळ आहे! ती नको असेल तर बोलावता कशाला त्या माणसाला? फेट्यासाठी?

असो. मी सल्ले द्यायला बसलोय.

लावणी ठेवा, पण बैठकीची नको. यमुनाबाई वाईकर बसल्या जागी एकाच ओळीवर अदा बदलत राहायच्या आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे सगळं खरं. पण बसलेल्या बाईची रील होत नाही. ढोलकीवाल्याला घरी पाठवा, पेनड्राइव्हमध्ये ट्रॅक असतोच.

वासुदेवाला प्रवेशद्वारावर उभं करा. पहाटे दारोदार फिरून गाणारा माणूस संध्याकाळी पार्किंगच्या वळणावर शोभून दिसतो, आणि गाड्यांना हातही दाखवतो.

हस्तकलेचे स्टॉल लावायचे झाले तर दर्शनी रांग स्पॉन्सरची, त्यामागे मोमो आणि तंदूर चहा, आणि कारागीर फिरत्या शौचालयांना लागून. तिथे वर्दळ असते, त्यांचंच भलं. सावंतवाडीचे गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, घेऊन कुणी आलं असेल तर गिऱ्हाइकाने गोल पत्ता बोटांत फिरवून विचारावं, ‘यात रमी जमते का?’ दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, ती हाताने रंगवायची असतात, म्हणून भाव ऐकल्यावर जोरात हसावं. शेजारी कोल्हापुरीवाला असतोच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा आपण सगळे केवढे खवळलो होतो! स्टेटसला अस्मिता, डीपीला चप्पल. तीच अस्मिता घेऊन स्टॉलपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘दादा, शेवटचं किती? ऑनलाइन निम्म्यात मिळते.’

वारलीची कार्यशाळा हवीच. ती शिकवायला मात्र पालघरचा वारली चित्रकार नको, त्याला स्टॉलवर बसू द्या. त्यासाठी शहरातल्या क्राफ्टवाल्या मॅडम असतात. तांदळाचं पीठ, गेरू, बांबूची काडी वगैरे पसारा नको. अॅक्रिलिक, कीचेन, अर्धा तास, घरी न्यायला प्रमाणपत्र. भिंतीवर एक मोठा वारली सेल्फी पॉइंटही काढून घ्या. तारपानाचात तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळते, जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत आपण ते वेटोळं पाहिलेलं असतं. परवाच्या भिंतीवर मधली जागा आयोजकांच्या लोगोला दिली होती. सगळं गाव हातात हात घालून लोगोभोवती नाचत होतं! नकळत का होईना, त्या संध्याकाळचं एवढं एकच चित्र खरं निघालं.

आता पैसे. एलईडी वॉल, ड्रोन, निवेदिका, पाहुण्यांचं जेवण यांचा हिशेब आधी चुकता करावा, ते थांबत नाहीत. गोंधळी थांबतो. त्याच्याकडून पॅन, रद्द केलेला चेक आणि पावती तीन प्रतींत घ्यावी, ‘पुढच्या आठवड्यात खात्यावर येतील’ म्हणावं आणि नंबर ब्लॉक करावा. रिकाम्या हाताने मात्र पाठवू नका, प्रमाणपत्र द्या. ज्येष्ठ कलावंतांना सरकारचं महिन्याला ५००० रुपये मानधन असतं, २०२४ मध्ये वाढलं ते, आणि त्याच्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. तेव्हा प्रमाणपत्रावर नाव चुकीचं छापा. परवा तर नावाची जागाच कोरी होती. ‘घरी जाऊन लिहा काका.’

याला काय म्हणायचं? विसरभोळेपणा? चाळीस वर्षं संबळाच्या साथीने रात्री जागवलेल्या माणसाने आपलं नाव आपणच लिहायचं, आणि उद्या सरकारी खिडकीवर ‘हे अक्षर कुणाचं?’ याचं उत्तर द्यायचं? तुमच्या मेहुण्याचं नाव पाच फुटी फ्लेक्सवर मात्रावेलांटीसकट बरोबर छापलं जातं. ते बरं नाही चुकत!

आणि ‘लोकांना आता वेळ नसतो’ हे रडगाणं बंद करा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात झाडीपट्टीची नाटकं लोक तिकीट काढून रात्रभर बघतात. तिथल्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात दशावतार उजाडेपर्यंत चालतो आणि संकासुराचं सोंग आलं की झोपलेली पोरं उठून बसतात. वेळ लोकांकडे आहे. तो तुम्ही सत्कारांत खाल्लात.

आपणही काही कमी नाही. परवा संबळ सुरू होता तेव्हा माझ्या पुढच्या तीन रांगा मोमोच्या रांगेत उभ्या होत्या आणि उरलेले मोबाइल वर धरून बसले होते. एकाने तरी ओरडून म्हणायचं ना, की पूर्ण होऊ द्या त्यांचं? मीही नाही म्हटलं. गप्प बसलो, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन हे लिहितोय.

पुढच्या वर्षी पुन्हा भरवणार असाल तर एवढं करा. पंचवीस प्रकार नकोत, दोन बोलवा. दोघांना पुरी रात्र द्या, ती मिळत नसेल तर सगळी संध्याकाळ द्या, आणि भाषणं त्यांच्यानंतर ठेवा, ज्याला ऐकायची तो थांबेल. वारल्याचा स्टॉल दारात लावा. दिवटीला आग विझवायचं नळकांडं आणि शेजारी एक माणूस एवढाच खर्च येतो, तो करा. आणि बिदागी त्याच रात्री, माणूस गाडीत बसायच्या आधी, पाकिटातून हातात द्या. गाडीभाडं त्यात धरू नका, ते वेगळं.