'आरामात दोन टन घेते' म्हणणाऱ्यांनो, आधी गाडी वजनकाट्यावर चढवा

काल पुन्हा तेच वाक्य. झाडछाटणीच्या कामासाठी पिकअप बघायला आलेल्या माणसाला विक्रेता छातीठोकपणे सांगतो, "दोन टन आरामात घेते, साहेब. वाटलं तर मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून देतो." समोरचा मान डोलावतो, टोकन देतो आणि पुढची आठ-दहा वर्षं रोज बेकायदा गाडी चालवायची सोय स्वतःच्या पैशाने करून घेतो. डोकं फिरतं ते यासाठी, की दोघांच्या मधल्या टेबलावर माहितीपत्रक पडलेलं असतं आणि खरा आकडा त्यात छापलेला असतो.

तोच आकडा घ्या. समजा जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माल-माणसांसकट गाडीचं कमाल मान्य वजन, २९९० किलो आणि रिकामं वजन १७०० किलो. वजाबाकी १२९०. दोन टन इथेच संपले. आणि हे १२९० सुद्धा लाकडासाठी नाहीत! आपल्या धंद्यात कोणी कंपनीच्या कमरेएवढ्या फाळक्यांवर (बाजूच्या झडपांवर) थांबत नाही, उंच हौदा बांधून घेतो. हौदा २.७ मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि बाजू १.२ मीटर उंच धरल्या, तर चारही बाजू मिळून साडेदहा चौरस मीटर पत्रा लागतो. ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. म्हणजे जवळजवळ २५० किलो नुसता पत्रा. अँगल, बिजागऱ्या, कड्या वेगळ्या. उरले १०४०. केबिनमध्ये दोन माणसं, १४० किलो. दोन-तीन करवती, दोर, पट्टे, शिडी, पेट्रोल आणि चेन ऑइलचे कॅन, १२० किलो. राहिले ७८०. दोन टन सांगितले होते, हातात पाऊण टन आला. तुम्ही भरवशाने दोन टन भरता आणि गाडी १२०० किलोंनी जादा होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. माल उतरवायचा खर्च तुमचाच आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. काट्यावर जायला नकार दिला किंवा वजनाआधी माल उतरवून टाकला, तर ४०,०००. त्या दिवशी विक्रेता फोन उचलणार आहे का?

आणि तो पाटा! पाटा वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच, आरसीवरचा आकडा तोच. उलट गाडी सपाट दिसते, म्हणून भरणाऱ्याला जादा वजनाची जी एक खूण डोळ्याला दिसत होती तीही जाते. उतारावर ब्रेक तापून पेडल मऊ पडायला लागतं तेव्हा पाटा काहीही करू शकत नाही. ज्यांना हे कळतं तेच हे विकतात, याचा मला राग आहे.

ओंडक्यांचं गणित तर कोणी करतच नाही. ताजं कापलेलं लाकूड घनमीटरला ९०० ते ११०० किलो भरतं. ५० सेंटिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओंडका म्हणजे जवळपास ०.२ घनमीटर, अंदाजे १९५ किलो. असे चार ओंडके टाकले की ७८० झाले. चारच! हौद्याचा तळसुद्धा झाकलेला नसतो. मग मुकादम आत डोकावून म्हणतो, "अर्धी गाडी रिकामी आहे, अजून सहा टाका." हौदा रिकामा दिसतो म्हणून गाडी रिकामी नसते, हे किती वेळा सांगायचं?

बरं, ते सहा टाकतातही कुठे? शेपटाला, कारण उचलून आत ढकलायचा कंटाळा. मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे ४०० किलो ठेवले आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचे ८० किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर ४८० पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. पावसाळ्यात वळणावर गाडी सरळ जाते तीही यामुळे. जड ओंडके केबिनकडे, तळाला, पुढच्या फाळक्याला टेकवूनच गेले पाहिजेत.

फांद्यांचं नेमकं उलटं. पानांसकट नुसत्या फेकलेल्या फांद्या घनमीटरला जेमतेम ऐंशी-शंभर किलो. त्याच साडेपाच घनमीटर हौद्यात काठोकाठ भरल्या तरी पाचशेच्या आसपास. वजनात तुम्ही कायद्याच्या आत, पण फांद्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. इथे कलम १९४ (१अ) लागतं: माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला, की २०,०००. अर्धा टन पाल्यासाठी तोच दंड! पण त्या बाहेर आलेल्या फांदीने शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचा डोळा जाऊ शकतो, म्हणून या दंडाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे फांदी न मोडता फेकणाऱ्यांबद्दल. फाटा जमिनीवरच कापा. बेचक्यात एक काप दिला की फांदी सपाट होते आणि त्याच हौद्यात कितीतरी जास्त मावते. लांबी हौद्यापेक्षा कमी ठेवा, जाड बुंधे पुढे, शेंडे मागे. गाडीत भरून झाल्यावर वरून करवत फिरवणारे महाभाग आहेतच. साखळी फाळक्याला लागते, करवत उसळते, आणि ती चालवणारा त्या वेळी हलणाऱ्या पाल्यावर उभा असतो. हे बंद करा.

चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, घेतला म्हणजे प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनीही ऐकावं. ओला चुरा घनमीटरला ३५० किलोच्या आसपास बसतो. तोच हौदा चुऱ्याने भरला तर १९०० किलो! ७८० किलोंसाठी चुरा अर्ध्याच्याही खाली, साधारण ४८ सेंटिमीटरपर्यंतच. तिथे हौद्याच्या आतून लाल पट्टा रंगवा, चुरा पट्ट्याला लागला की चिपर बंद. आणि चाकांवरचा चिपर पिकअपला मागे अडकवून न्यायचा असेल, तर कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते. "मशिनरी आहे, गाडी थोडीच आहे" हा युक्तिवाद रस्त्यावर चालत नाही.

हौदा बांधणाऱ्यांवर तर वेगळाच राग आहे. काम आहे पाला अडवायचं, आणि हे ३ मिलिमीटर पत्र्याशिवाय बोलायला तयार नाहीत. खाली फूट-दीड फूट पत्रा आणि वर वेल्डेड जाळी लावली, चुरा नेताना आतून ताडपत्री घातली, तर शंभर-सव्वाशे किलो सहज वाचतात, आणि ते रोज प्रत्येक खेपेला वाचतात. जाळी सांगितली की "टिकणार नाही" म्हणतात. आणि पासिंगचं विचारलं की हात वर. कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. कलम १८२अ (४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, बांधणाऱ्याला नव्हे. हौदा उचलून माल ओतणारं हायड्रॉलिक टिपिंग बसवून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, कारण जॅक, पंप आणि जादा चौकट यांचं वजनही पुन्हा त्या ७८० मधूनच जाणार.

मग मोठी गाडी का घेत नाहीत? कारण दलालांनी घालून ठेवलेली भीती. "मोठ्या गाडीला हेवी लायसन्स लागतं." नाही लागत! ७५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंतची मालगाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. तरी अजून लोकांकडून लायसन्सवरच्या वेगळ्या शेऱ्याचे पैसे उकळले जातात. खरा फरक परमिटचा आहे: जीव्हीडब्ल्यू ३००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. परमिटशिवाय पकडलं तर कलम १९२अ, १०,००० रुपये आणि कैदही. फिटनेस दोन्हींना सारखाच, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. म्हणजे एका परमिटच्या भीतीने लोक पाच टन जीव्हीडब्ल्यूची गाडी सोडून पिकअपचा एक्सल मोडत बसतात. रोज ओंडके असतील तर टाटा ४०७ च्या वर्गातली गाडी घ्या. फक्त छाटणी आणि अरुंद गल्ल्या असतील तर पिकअपच बरी, पण मग ओंडक्यांचं काम आलं की मोठी गाडी भाड्याने आणा. दोन्ही कामं एकाच पिकअपवर ढकलू नका.

बांधणीबद्दल थोडक्यात, कारण यावर बोललं तर रक्तदाब वाढतो. नायलॉनची दोरी ताणली जाते, ओल्या सालीवरून घसरते. खटक्याने आवळायचे रॅचेट पट्टे वापरा. पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर धरून ठेवेल एवढी बांधणी हवी. फांद्या दबल्या की पट्टे सैल पडतात, म्हणून निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून पुन्हा आवळा. आणि पाल्यावर माणसं बसवणं! आरसीवर आसनं जेवढी तेवढीच माणसं, तीही केबिनमध्ये. चार माणसांची टोळी असेल तर उरलेल्या दोघांची वेगळी सोय करा. पाल्यावरून माणूस पडला तर विमा कंपनी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही.

आणि शेवटी गिऱ्हाईक. "एकाच खेपेत न्या हो, सोसायटीचं गेट पुन्हा पुन्हा उघडायला लागतं." वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढायला यांनीच महिना लावलेला असतो, आणि तिची प्रत गाडीत ठेवायला मागितली तर "तुम्हाला कशाला?" म्हणतात. रस्त्यात लाकडाने भरलेली गाडी अडवली तर पहिला प्रश्न त्याच कागदाचा असतो. ज्या जातींच्या लाकडाला वाहतूक पास लागतो तिथे तोही आधी हवा, गाडी भरल्यावर नव्हे. म्हणून दर सांगतानाच खेपा मोजा. बुंध्याचा घेर मोजा, ओंडक्यांचं वजन काढा, ७८० ने भागा, आणि जेवढ्या खेपा येतील तेवढ्या कोटेशनमध्ये लिहा. हौदा बांधून झाल्या दिवशी टाकी भरून, माणसं आणि सामान घेऊन गाडी काट्यावर न्या. उरलेला आकडा केबिनच्या दारावर आतून रंगवा. मुकादमाने "अजून सहा टाका" म्हटलं, की ड्रायव्हरने त्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि फाळका लावायचा.